जर्मनीतलं रेसिडेन्स कार्ड ऑनलाइन कामांना कसं वापरायचं: आधी ते पिनचं पाकीट शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की म्युनिकला येऊन दीड वर्ष झालं, तुम्ही ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीसाठीच्या रेसिडेन्स परवान्यावर, मिसेस डिपेंडंट म्हणून सोबत, दोघांकडे प्लास्टिकचं रेसिडेन्स कार्ड आहे, पेन्शनचं स्टेटमेंट हवं म्हणून आउसवाइसअॅप, म्हणजे ऑनलाइन ओळखीचं सरकारी अॅप, डाउनलोड केलं तर ते पिन मागतंय आणि हा कुठला पिन तेच कळत नाहीये. आणि मुळात हे ऑनलाइन प्रकरण आपल्यासारख्यांना चालतं का, की फक्त जर्मन नागरिकांनाच.

चालतं हो, अगदी व्यवस्थित चालतं. मी श्टुटगार्टला बारा वर्षं रिलोकेशनचं काम करतेय, म्हणजे कंपनीने बोलावलेल्या लोकांचं घर, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, व्हिसा, मुलांची शाळा असं सगळं बघायचं, आणि या कार्डाबद्दल मला एकच गोष्ट परत परत सांगावी लागते की ते मिळाल्याच्या आठवड्यात चालू करून ठेवा. लोक ते पाकिटात सरकवतात आणि एअरपोर्टवर दाखवायला म्हणून बाहेर काढतात, मग दोन वर्षांनी एखादं काम अडलं की शोधाशोध, आणि तोपर्यंत पिनचं पत्र जुन्या घराच्या रद्दीत गेलेलं असतं.

हे कार्ड म्हणजे काय ते आधी बघू. जर्मन नाव लांबलचक आहे, एलेक्ट्रॉनिशर आउफेन्टहाल्ट्सटीटेल, सगळे ईएटी म्हणतात. १ सप्टेंबर २०११ पासून ते द्यायला लागले, त्याआधी पासपोर्टात स्टिकर चिकटवायचे. कार्डात चिप आहे. चिपमध्ये तुमचा फोटो आणि दोन बोटांचे ठसे असतात, ते पोलीस, बॉर्डर आणि सरकारी ऑफिससाठी. त्याच चिपमध्ये वेगळा एक भाग आहे तो ऑनलाइन ओळखीचा, त्यात नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता वगैरे. ऑनलाइन लॉगिन करताना हा दुसरा भागच वाचला जातो, फोटो आणि ठसे कुठल्याही वेबसाइटकडे जात नाहीत. हे मुद्दाम सांगतेय कारण बरेच जण याच भीतीने हात लावत नाहीत.

आपल्याला आधारची सवय आहे, नंबर टाकला की मोबाइलवर ओटीपी येतो आणि काम झालं. इथे ओटीपी नाही, मोबाइल नंबरचा काही संबंधच नाही. इथे लागतं प्रत्यक्ष कार्ड, ते फोनला चिकटवून धरायचं, आणि सहा आकडी पिन जो फक्त तुम्हाला माहीत आहे. कार्ड चोरीला गेलं तरी पिनशिवाय चोराला ऑनलाइन काही करता येत नाही, आणि नुसता पिन कुणाला कळला तरी कार्ड हातात नसेल तर तोही निरुपयोगी. सिम बदललं, भारतात सुट्टीवर गेलात, जर्मन नंबर बंद पडला, तरी काही फरक पडत नाही. पुण्याला आईच्या घरी बसून वायफायवर हे सगळं चालतं.

आता पिन. कार्डासाठी ठसे देऊन आलात त्यानंतर काही दिवसांनी घरी बुंडेसड्रुकराय, म्हणजे कार्ड छापणारी सरकारी प्रेस, तिच्याकडून एक पत्र आलेलं असणार, त्याला पिन-ब्रीफ म्हणतात. बहुतेकदा ते कार्डाच्या आधीच येतं, म्हणून लोकांना वाटतं की कसलं तरी माहितीपत्रक आहे. त्यात तीन गोष्टी असतात. पाच आकडी ट्रान्सपोर्ट पिन, दहा आकडी पुक म्हणजे ब्लॉक झालेला पिन मोकळा करायचा नंबर, आणि श्पेरकेनवोर्ट म्हणजे कार्ड ब्लॉक करायला लागणारा एक शब्द. पाच आकडी पिन हा तुमचा कायमचा पिन नाही, तो फक्त पहिल्यांदा दार उघडायला. अॅपमध्ये पिन बदलण्याचा पर्याय आहे, ते विचारतं की तुमच्याकडे पाच आकडी आहे की सहा आकडी, पाच आकडी म्हणा, तो टाका, मग आपल्या मनाचा सहा आकडी दोनदा टाका, झालं. त्यानंतर ट्रान्सपोर्ट पिन बाद. अॅप इंग्लिशमध्येही आहे, त्यामुळे जर्मन येत नाही म्हणून थांबू नका.

इथे एक घोळ नेहमी होतो, तुमचाही तोच झाला असावा अशी मला शंका आहे. कार्डाच्या समोरच्या बाजूला सहा आकडी एक नंबर छापलेला असतो, त्याला कॅन म्हणतात. अॅप म्हणतं सहा आकडी पिन द्या, माणूस कार्डाकडे बघतो, सहा आकडे दिसतात, तेच टाकतो. चूक. कॅन म्हणजे पिन नव्हे. परत तेच टाकतो, परत चूक. दोनदा चुकलं की अॅप स्वतःच कॅन मागतं, कार्ड खरंच तुमच्या हातात आहे ना हे बघायला, आणि तेव्हा तर लोकांचा पूर्ण गोंधळ होतो की अरे आता तर हाच नंबर मागतोय. तिसऱ्यांदा पिन चुकला की पिन ब्लॉक. मग पत्रातला पुक टाकून तो मोकळा करायचा, असा पुक दहा वेळा वापरता येतो. पण नीट समजून घ्या, पुक टाकला की नवीन पिन मिळत नाही, फक्त परत तीन प्रयत्न मिळतात. मूळ पिनच आठवत नसेल तर पुकचा उपयोग शून्य.

म्हणून आत्ता आणखी अंदाजाने काही टाकू नका, आधी पत्र शोधा. आनमेल्डुंगचा कागद, भाड्याचं अॅग्रीमेंट, हेल्थ इन्शुरन्सचं पहिलं पत्र हे ज्या फाइलला लावलंय तिथेच बहुतेक सापडेल. नाहीच सापडलं तर आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसला, कार्ड आणि पासपोर्ट घेऊन जायचं, तिथे त्यांच्या मशीनवर तुम्ही स्वतः नवीन सहा आकडी पिन टाकता. यात अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी किंमत आहे, ते तुम्हाला माहीतच असेल. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या कामासाठी तिथे जाणार असाल तर त्याच फेरीत हेही उरकून घ्या, काउंटरवर फक्त म्हणायचं की ऑनलाइन-आउसवाइसचा पिन नवीन टाकायचाय. एखाद्या जुन्या कार्डावर हे फंक्शन बंदच असतं, तेही तिथेच चालू करून देतात, बंद असेल तर अॅपच तसं सांगतं.

फोनबद्दल थोडंसं. एनएफसी, म्हणजे जवळ धरून चिप वाचायची सोय, असलेला कुठलाही बरा अँड्रॉइड चालतो, गेल्या काही वर्षांतले आयफोनही चालतात. आयफोनला कार्ड वरच्या कडेला लावायचं, अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीची जागा वेगळी, बहुतेकदा मागे कॅमेऱ्याच्या खाली. जाड कव्हर आणि मागची मॅग्नेट रिंग काढा. आणि कार्ड धातूवर ठेवू नका. मागे नागपूरच्या एका जोडप्याकडे मी अर्धा तास बसले होते, कनेक्शन लागायचं आणि तुटायचं, लागायचं आणि तुटायचं, फोन बदलला, अॅप परत टाकलं, शेवटी लक्षात आलं की टेबलावर जागा नव्हती म्हणून कार्ड पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यावर ठेवलं होतं. डबा बाजूला केला, लाकडावर ठेवलं, पहिल्या फटक्यात चाललं. कार्ड खाली ठेवायचं, फोन वर ठेवायचा, आणि पट्टी पूर्ण होईपर्यंत हलवायचं नाही. लॅपटॉपवर काम करायचं असेल तर वेगळा कार्ड रीडर विकत घ्यायची गरज नाही, अॅप लॅपटॉपवर आणि फोनवर दोन्हीकडे टाका, दोन्ही एकाच वायफायवर ठेवा, फोनच रीडर होतो.

पिन सेट झाला की लगेच पेन्शनच्या वेबसाइटवर पळू नका. अॅपमध्येच स्वतःचा डेटा बघायची सोय आहे, ती आधी वापरा. चिपमध्ये तुमच्याबद्दल नक्की काय लिहिलंय ते स्क्रीनवर येतं, आणि आपल्या लोकांचे अर्धे प्रॉब्लेम तिथेच दिसतात. दोन गोष्टी नीट वाचा, नाव आणि पत्ता.

नावाचं असं आहे. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी पद्धत. बऱ्याच जणांच्या पासपोर्टात पहिली दोन्ही नावं गिव्हन नेममध्ये एकत्र असतात आणि जर्मन ऑफिस ते जसंच्या तसं उचलतं, म्हणजे चिपमध्ये तुमची दोन पहिली नावं आहेत. पण कंपनीच्या एचआरने पेन्शनला, इन्शुरन्सला कळवताना बऱ्याचदा एकच नाव लिहिलेलं असतं, कारण तुम्हीच जॉइनिंग फॉर्मवर एकच लिहिलं होतं. माणसाला कळतं की हा तोच आहे, कॉम्प्युटर जुळवायला बसला की अडतो. बायकांच्या बाबतीत अजून वाईट, पासपोर्ट माहेरच्या नावाचा, लग्नाच्या सर्टिफिकेटवर सासरचं, आणि मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. जन्मगावाचंही तसंच, एकीकडे बॉम्बे दुसरीकडे मुंबई, एकीकडे पूना दुसरीकडे पुणे. काहींच्या पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा असतो, त्यांनी तर जर्मन ऑफिसने नाव कुठल्या रकान्यात बसवलंय हे डोळ्यांनी बघितलंच पाहिजे. उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा: पासपोर्टात जे स्पेलिंग आणि जो क्रम आहे तोच सगळीकडे, आणि जिथे वेगळं गेलंय तिथे पत्र लिहून दुरुस्त करून घ्यायचं. पासपोर्टाची कॉपी जोडली की सहसा होतं.

पत्त्याचा माझाच अनुभव सांगते. घर बदललं, नियमाप्रमाणे दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग केलं, ऑफिसातल्या बाईंनी कार्डावर नव्या पत्त्याचा स्टिकर लावला, मी खूश. काही महिन्यांनी पोलीस क्लिअरन्स, फ्युरुंग्सत्सॉयग्निस, ऑनलाइन मागवायला बसले तर स्क्रीनवर जुनाच पत्ता. कार्डाच्या बाहेर नवा, आत जुना, चिप कुणी बदललीच नव्हती. परत अपॉइंटमेंट, परत रांग, काम दोन मिनिटांचं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की स्टिकर लावून झाला की तिथेच खुर्चीवर बसून विचारा, चिपमध्ये पण बदललंत ना, आणि जमलं तर बाहेर पडायच्या आधीच फोनवर तपासा. काही शहरांत पत्ता नोंदवणारं ऑफिस हे काम करतं, काही ठिकाणी त्यासाठी आउसलेंडरबेहोर्डेकडे वेगळं जावं लागतं, तेही तेव्हाच विचारून घ्यायचं.

आता हे वापरायचं कुठे. तुम्हाला जे हवंय ते, म्हणजे डॉइचे रेंटेनफरझिशरुंग या सरकारी पेन्शन संस्थेकडचा तुमचा फरझिशरुंग्सफरलाउफ, कुठल्या महिन्यांचे पैसे भरले गेले त्याची यादी. ब्लू कार्डवाल्यांना हा कागद फार महत्त्वाचा, कारण पर्मनंट रेसिडेन्ससाठी २७ महिने, आणि जर्मन भाषेची बी१ लेव्हल असेल तर २१ महिने पेन्शन भरलेली दाखवावी लागते. तुम्हाला दीड वर्ष झालंय म्हणजे बी१ केलंत तर तुम्ही अगदी जवळ आहात. यादी आत्ताच बघा, मधला एखादा महिना गायब असेल, नोकरी बदलताना असं होतं, तर दुरुस्तीला वेळ मिळतो. पर्मनंटचा फॉर्म भरताना ते लक्षात आलं की फार मनस्ताप होतो.

फ्युरुंग्सत्सॉयग्निसचं वर आलंच, ते बुंडेसआम्ट फ्युर युस्टित्स या केंद्रीय न्याय खात्याच्या ऑफिसच्या पोर्टलवरून १३ युरोत मिळतं आणि पोस्टाने घरी येतं. मुलांच्या संस्थेत काम करायचं असेल किंवा उद्या कॅनडा वगैरेचा विचार असेल तर लागतं. एल्स्टर, म्हणजे टॅक्सचं पोर्टल, तिथेही हे कार्ड चालतं. साध्या मार्गाने गेलात तर अर्धा कोड ईमेलने आणि अर्धा पोस्टाने येतो आणि त्या पत्राची वाट बघत बसावं लागतं. बँकेचं अकाउंट किंवा सिम घेताना व्हिडिओवर कार्ड वाकडंतिकडं करून दाखवावं लागतं ना, त्याऐवजी बऱ्याच ठिकाणी पोस्टआयडेंटमध्ये, म्हणजे जर्मन पोस्टाच्या ओळख तपासायच्या सेवेत, ऑनलाइन कार्डाचा पर्याय असतो, तो घ्या, तुमचं इंग्लिश आणि समोरच्याचं जर्मन यात अडकायला नको.

आणि बुंडआयडी. हे केंद्र सरकारचं कॉमन लॉगिन समजा, एकदा अकाउंट काढलं की वेगवेगळ्या सरकारी सेवांना तेच. पासवर्डवरही ते उघडतं, पण ज्या कामांना पक्की ओळख लागते तिथे पासवर्डवाल्या अकाउंटने पुढे जाता येत नाही. मार्च २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना महागाई म्हणून एकदाचे २०० युरो दिले होते, ते बुंडआयडीवरून मागायचे होते. माझ्या ओळखीतल्या आपल्या कितीतरी मुलामुलींनी तेव्हा पहिल्यांदा हे कार्ड उलटं करून बघितलं. ज्यांचा पिन चालू होता त्यांचा अर्ज चहा उकळेपर्यंत झाला, बाकीचे कॉलेजकडून वेगळा पिन मिळवायच्या मागे लागले. विद्यार्थ्याला २०० युरो म्हणजे जवळजवळ महिन्याचं किराणा सामान, गंमत नाही ती.

पिन टाकायच्या आधी अॅप दरवेळी एक स्क्रीन दाखवतं, समोर कोण आहे आणि तुमच्याबद्दल काय काय वाचणार आहे. ती स्क्रीन वाचायची सवय लावा, नुसतं पुढे पुढे दाबू नका. त्या सेवेकडे सरकारने दिलेलं सर्टिफिकेट असल्याशिवाय चिप काही देतच नाही, पण नाव बघून खात्री आपणच करायची. आणि कुणी फोन करून पिन मागितला तर फोन ठेवून द्या, कुठलंही ऑफिस पिन विचारत नाही. कार्ड हरवलं तर ११६ ११६ वर चोवीस तास ब्लॉक करता येतं, भारतातून लावताना आधी +४९, आणि तेव्हाच तो पत्रातला श्पेरकेनवोर्ट लागतो. म्हणून तो शब्द कार्डासोबत पाकिटात ठेवायचा नाही, घरी ठेवायचा.

एक मोठी अडचण आधीच सांगून ठेवते, कारण ती कुणीच सांगत नाही. कार्डाची तारीख संपली की ऑनलाइन ओळखही संपली. रिन्यूअल लांबलं की ऑफिस फिक्झिओन्सबेशाइनिगुंग देतं, त्या कागदावर तुमचं राहणं कायदेशीर असतं, पण कागदात चिप नाही. मग ते सगळे महिने तुम्ही ऑनलाइन जवळजवळ अदृश्य. मोठ्या शहरांत हे महिने बरेच असू शकतात. त्यामुळे कार्ड संपायच्या तीन-चार महिने आधी बसून जे जे कागद लागतील ते काढून ठेवा, पेन्शनची यादी, टॅक्सचं, सगळं. आणि एल्स्टरचं सर्टिफिकेट फाइल वेगळं काढून ठेवा, बुंडआयडीला तेही चालतं, म्हणजे कार्ड नसतानाच्या काळात एक दार उघडं राहतं. नवीन कार्ड आलं की चिप नवी, पिन-ब्रीफ नवं, पुक नवा. जुन्या अकाउंटला नवं कार्ड परत जोडावं लागतं, कारण सिस्टिमच्या दृष्टीने ते वेगळं कार्ड आहे. भारतीय पासपोर्ट नवा केला तरी कार्ड नवं करावं लागतं, तेव्हाही हेच सगळं.

आणि आता मिसेसचं कार्ड. तुम्ही प्रश्नात त्यांचा उल्लेख फक्त तिच्याकडेही आहे एवढाच केलात, म्हणून मुद्दाम लिहितेय. डिपेंडंट व्हिसा असला तरी ते कार्ड त्यांचं स्वतःचं, पिन त्यांचा स्वतःचा, पत्रही त्यांच्या नावाचं वेगळं आलेलं असणार. बहुतेक घरांत नवऱ्याकडे दोन्ही पिन असतात, आणि बायकोच्या नावाचं बुंडआयडी नवऱ्याच्या ईमेलवर. मी हे बदलायला लावते. त्या नागपूरच्या घरी, डबा बाजूला केल्यावर, नवऱ्याचं झालं आणि तो म्हणाला हिचं मीच करतो रात्री. मी म्हटलं नको, त्यांनाच करू द्या, मी बसते. तिने पिन टाकताना फोन असा छातीशी धरला की आम्हा दोघांना दिसू नये, मला ते फार आवडलं. मग डेटा बघायची स्क्रीन आली, तिने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मगाव हळूहळू वाचलं आणि म्हणाली, इथे माझं वर्धा बरोबर लिहिलंय की. पुढच्या वर्षी तिला मिनीजॉब, म्हणजे छोटी पार्टटाइम नोकरी, मिळाला तेव्हा पेन्शन नंबर, इन्शुरन्स, सगळं तिने स्वतःच केलं, मला फक्त एक मेसेज आला की झालं.

तर आज रात्री पिनच्या पत्रांची दोन पाकिटं शोधा, तुमचं आणि त्यांचं. सापडली तर स्वतःचं स्वतः करा, वीस मिनिटं लागतील. एकच सापडलं तर ज्याचं सापडलं त्याचं आधी करा, दुसऱ्याची अपॉइंटमेंट उद्या सकाळी बुक करा. आणि तुम्ही आत्तापर्यंत किती वेळा चुकीचा पिन टाकलाय ते खाली लिहा, दोनदा टाकला असेल तर अॅप आता कॅन मागेल, तो द्या आणि मग पत्रातला पाच आकडी.